सीआरबी (कॅनडा रिकव्हरी बेनिफिट, करोनातली सरकारी मदत) दुसऱ्या तपासणीतही नाकारलं. फेडरल कोर्टात कोणी स्वतः गेलंय का?

डबेवाली_ब्रॅम्प्टन

नमस्कार मंडळी. गेले बारा दिवस ते नाकारल्याचं पत्र फ्रिजवर लावून ठेवलंय आणि येता-जाता वाचतेय. आता विचारूनच टाकते.

मी मूळची नाशिकची, २०१७ पासून कॅनडात, टोरंटोजवळ ब्रॅम्प्टनला. २०१९ मध्ये घरून डबे देत होते. गिऱ्हाईक म्हणजे शेरिडन कॉलेजच्या डेव्हिस कॅम्पसची आपली मुलं, सरासरी सहा जण. चार पोळ्या, भाजी, वरण-भात आणि शुक्रवारी काहीतरी गोड. महिन्याचे १६० डॉलर. सुट्ट्या सोडून वर्षाचे दहा महिने धरले तर ९,६०० जमा. किराणा, डबे, पेट्रोल मिळून ३,५५० खर्च. राहिले ६,०५०. हे सगळं २०१९ च्या टॅक्स रिटर्नमध्ये टी२१२५ या स्वयंरोजगाराच्या फॉर्मवर दाखवलंय, आणि रिटर्न मे २०२० मध्येच भरलाय. तेव्हा सीआरबी नावाची गोष्ट जन्मालाही आली नव्हती.

मार्च २०२० ला कॉलेज बंद झालं. कोणी मिळेल त्या विमानाने घरी गेलं, जे राहिले ते खोलीत मॅगी करून खाऊ लागले, कारण बाहेरचा डबा घ्यायची सगळ्यांनाच भीती. सर्ब (सीआरबीच्या आधीची करोना मदत) मी घेतलं नाही. ह्यांचं वेअरहाऊसचं काम चालू होतं, म्हटलं आपल्याला कशाला. पण सप्टेंबरमध्येही वर्ग ऑनलाइनच राहिले तेव्हा सीआरबीचा अर्ज केला. दर पंधरवड्याला १,०००, टॅक्स कापून हातात ९००. असे बारा पंधरवडे, म्हणजे १२,०००.

मग कर खात्याकडून तपासणीचं पत्र आलं. मी नोटीस ऑफ असेसमेंट (रिटर्नवर कर खात्याने पाठवलेला आकारणीचा कागद) आणि एक्सेलमध्ये केलेली यादी पाठवली. नाकारलं. दुसरी तपासणी मागितली. दुसऱ्या अधिकाऱ्याचा फोन आला, बाई बोलायला चांगल्या होत्या, बँक स्टेटमेंट पाठवा म्हणाल्या. मी जानेवारी ते मार्च २०१९ चं पाठवलं. आता पत्र आलंय त्यात एकच ओळ आहे कामाची: २०१९, २०२० किंवा अर्जाआधीच्या बारा महिन्यांत तुमचं किमान ५,००० डॉलरचं उत्पन्न नव्हतं. शेवटी लिहिलंय की पटत नसेल तर ३० दिवसांत फेडरल कोर्टात जा.

एका वकिलांना विचारलं, त्यांनी फी सांगितली, मी धन्यवाद म्हणून फोन ठेवला. सासरे म्हणतात शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये. मला १२,००० पेक्षा जास्त राग त्या "उत्पन्न नव्हतं" या शब्दांचा आलाय. मग पहाटे पाचला उठून मी लाटत काय होते?

---

मिसिसागाकर

ताई, कोर्ट वगैरे लांबचं. आधी नोटीस ऑफ ऑब्जेक्शन (हरकतीचा अर्ज) भरा, फुकट असते. नाही ऐकलं तर टॅक्स कोर्टात अपील. माझ्या मेव्हण्याने आरआरएसपीच्या (निवृत्ती बचतीच्या) भानगडीत असंच केलं होतं, सहा महिन्यांत निकाल लागला.

---

ठेका_चुकला

वरचा सल्ला कृपया पाळू नका. मिसिसागाकर, राग मानू नका, मेव्हण्यांचं प्रकरण कराच्या आकारणीचं होतं. सर्ब, सीआरबी हे कर नाहीत, त्यांचे कायदे वेगळे. इथे ऑब्जेक्शन नाही आणि टॅक्स कोर्टाला अधिकारही नाही. दुसऱ्या तपासणीनंतर एकच दार उरतं, ते म्हणजे फेडरल कोर्टात ज्युडिशियल रिव्ह्यू, म्हणजे त्या निर्णयाची कोर्टाकडून छाननी. (ज्यांनी ईआयच्या, म्हणजे बेरोजगारी विम्याच्या, बाजूने सर्व्हिस कॅनडाकडून पैसे घेतले त्यांचा रस्ता सोशल सिक्युरिटी ट्रायब्युनलचा. तुमचा तो नाही.) ताई, तुमचे बारा दिवस गेलेत. चुकीच्या खिडकीवर उभं राहण्यात बाकीचे अठरा घालवू नका.

मी स्वतः गेलोय, वकिलाशिवाय. मिसिसागाला बेसमेंटमध्ये तबला शिकवतो. २०१९ मध्ये सात मुलं, तासाला २० डॉलर, वर्षाचे ४२ आठवडे, बहुतेक रोख. खर्च वजा जाता ५,३८०. म्हणजे रेषेच्या अगदी काठावर. वीस पंधरवडे सीआरबी घेतलं होतं, २०,००० परत मागितले.

मला सगळ्यात उशिरा कळलेली गोष्ट तुम्हाला आधी सांगतो. कोर्ट तुमचं उत्पन्न मोजायला बसत नाही. मी मनात भाषण तयार ठेवलं होतं, की साहेब, बघा माझी बोटं, हे काय ५,००० चं काम नव्हे? त्याचा काडीचा उपयोग नाही. कोर्ट एवढंच बघतं की त्या अधिकाऱ्यासमोर जे कागद होते, त्यावरून त्याने काढलेला निष्कर्ष वाजवी होता का, आणि तुम्हाला तुमची बाजू मांडायची नीट संधी मिळाली होती का. हा "वाजवी"चा मापदंड सुप्रीम कोर्टाच्या डिसेंबर २०१९ च्या वाविलोव्ह निकालातला. टोरंटोत जन्मलेल्या, रशियन हेरांच्या मुलाच्या नागरिकत्वाचा तो खटला. त्याच्या आधारावर माझ्या तबल्याच्या फीचा निकाल लागला, हे बाबांना फोनवर समजावताना माझी पुरेवाट झाली.

आता माझी गोष्ट. माझ्याकडे हजेरीची वही आहे, दोनशे पानी, पुठ्ठ्याची. डावीकडे मुलाचं नाव आणि टिक, उजवीकडे फी, खाली त्या दिवशी शिकवलेला तबल्याचा कायदा किंवा पलटा. त्या वहीची पानं स्कॅन करून मी दुसऱ्या तपासणीत पाठवली होती, शिवाय पाच पालकांची सहीची पत्रं. पत्रात उत्तर तेच एका ओळीचं. कोर्टात नोटीस भरताना मी कोर्टाच्या नियम ३१७ खाली कर खात्याकडची सगळी कागदपत्रं मागितली. ती आली आणि त्यात अधिकाऱ्याची टिपणं होती, संगणकावरची, तारीखवार. कोर्ट या टिपणांना निर्णयाच्या कारणांचा भाग मानतं, म्हणून पत्र एका ओळीचं असलं तरी खरं काय ते तिथे सापडतं. माझ्यात लिहिलं होतं की बँकेत जमा रकमा कमी आहेत, रोख उत्पन्नाचा पुरावा नाही. वहीचा उल्लेख शून्य. पालकांच्या पत्रांचा उल्लेख शून्य. कागद मात्र त्याच गठ्ठ्यात, पान २३ ते ५१!

सुनावणी झूमवर झाली, पाऊण तास. सरकारी वकील तरुण मुलगी होती, अतिशय सभ्य. न्यायाधीशांनी तिला विचारलं, या वहीबद्दल अधिकाऱ्याचं काय मत झालं ते टिपणात कुठे आहे? ती पानं चाळत राहिली. वही खोटी वाटली, अपुरी वाटली, असं त्याने लिहिलं असतं तर मी बहुधा हरलो असतो. त्याने तिच्याकडे बघितल्याचीच खूण नव्हती.

तर "जिंकलो". पण जिंकलो म्हणजे कोर्टाने निर्णय रद्द केला आणि प्रकरण तिसऱ्या अधिकाऱ्याकडे परत पाठवलं. कोर्ट बहुतेक वेळा एवढंच करतं, पैसे मंजूर करत नाही. तिसऱ्याने वही मान्य केली, ५,००० ची अट पार झाली. मग त्याने दुसरी अट काढली: आठवड्याचं सरासरी उत्पन्न निम्म्याने घटलेलं हवं. एप्रिल २०२१ पासून माझे ऑनलाइन वर्ग बरे चालले होते. शेवटचे सहा पंधरवडे गेले. ६,००० महिन्याला २०० करून फेडतोय. खरं सांगायचं तर त्या सहांबद्दल त्याचं चुकलं असं मलाही म्हणवत नाही.

नोटीस भरण्यापासून निकालापर्यंत अकरा महिने लागले. कोर्टाची फी ५० डॉलर.

---

हिशेबनीस

ठेका यांनी छान लिहिलंय. मी स्कारबरोला लोकांचे रिटर्न भरतो, वकील नाही, तेव्हा आकड्यांपुरतंच बोलतो.

डबेवाली ताई, तुमची पहिली चूक म्हणजे नोटीस ऑफ असेसमेंटवर भिस्त. सगळेच ती करतात. आपल्याला वाटतं सरकारनेच शिक्का मारून दिलंय की उत्पन्न ६,०५०, आता आणखी काय हवं? पण रिटर्न आपण स्वतः सांगू तसा भरला जातो, त्यावर आलेली असेसमेंट म्हणजे कमाईचा पुरावा नव्हे. फेडरल कोर्टाने २०२२ च्या १३९ क्रमांकाच्या निकालात हे स्पष्ट म्हटलंय आणि तेव्हापासून सरकारी वकील प्रत्येक प्रकरणात तो निकाल पुढे करतात. मे २०२० ची तारीख तुमच्या बाजूची आहे, ती जरूर सांगा. पहिलं पत्र आल्यावर घाईघाईने जुने रिटर्न दुरुस्त करून खर्च कमी दाखवणारे महाभाग मी पाहिलेत. त्यांच्याकडे संशयाने बघतात ते उगाच नाही.

दुसरं. ९,६०० पैकी बँकेतून किती आले आणि रोख किती? हे विचारतो कारण अधिकारी सिद्ध झालेली जमा घेतो, पण खर्च तुम्ही सांगितलेला पूर्ण धरतो. समजा ई-ट्रान्सफरने ५,३०० आले असतील. तुम्ही म्हणाल ५,००० तर झाले! नाही झाले. त्यातून ३,५५० वजा केले की १,७५०. सीआरबीच्या कायद्यात स्वयंरोजगाराचं उत्पन्न म्हणजे खर्च वजा जाता, हे लिहिलेलंच आहे. सर्बच्या वेळी ढोबळ की निव्वळ यावर गोंधळ झाला होता, म्हणून फेब्रुवारी २०२१ मध्ये सरकारने ढोबळ धरून अर्ज केलेल्यांना सूट जाहीर केली. ती सूट सर्बपुरती. सीआरबीला नाही.

एवढे मागे का लागलेत असं सगळे विचारतात. सुरुवातीला अर्जदाराच्या शब्दावर पैसे दिले, कारण लोकांच्या घरात भाड्याला पैसे नव्हते. तपासणी नंतर करू, असं ठरलं. मग डिसेंबर २०२२ मध्ये महालेखापरीक्षकांनी अहवाल दिला की करोनाच्या मदतीतले ४.६ अब्ज डॉलर अपात्र लोकांना गेले आणि आणखी २७.४ अब्जांची चौकशी व्हायला हवी. त्यानंतर तपासणारा काय हात सैल सोडणार? मोठ्या कंपन्यांना मिळालेल्या पगार-अनुदानाच्या मानाने डबेवाल्या सोप्या सापडतात, हे माझं वैयक्तिक मत.

---

कॅलगरीची_वहिनी

मी हरले. थोडक्यात लिहिते, अजून त्रास होतो. घरी थ्रेडिंग, फेशियल, मेंदी करायचे. दोन्ही तपासण्यांत मी नुसतं "सगळं रोख होतं" असं फोनवर सांगितलं आणि दोन महिन्यांचं स्टेटमेंट पाठवलं. निर्णय आल्यावर जागी झाले. अकरा बायकांकडून पत्रं आणली, जुन्या व्हॉट्सॲपवरून अपॉइंटमेंटचे स्क्रीनशॉट काढले, सगळं शपथपत्राला जोडलं. न्यायाधीश म्हणाले, हे अधिकाऱ्यासमोर नव्हतं, मी बघू शकत नाही. अकरा बायकांची पत्रं तशीच घरी आली. कोर्टाचा खर्च माझ्यावर घातला नाही एवढंच.

ताई, तुम्ही दुसऱ्या तपासणीत *काय पाठवलं होतं* ते आधी आठवा. नवीन जे गोळा कराल ते कोर्टात चालणार नाही.

---

डबेवाली_ब्रॅम्प्टन

सगळ्यांचे मनापासून आभार. वहिनी, तुमचं वाचून पोटात खड्डा पडला, कारण मीही तेच केलंय. तीनच महिन्यांचं स्टेटमेंट.

हिशेबनीस दादा, तुम्ही आकडा जवळपास बरोबर ओळखलात! ई-ट्रान्सफर ५,४४०, बाकी रोख. रोख कधी बँकेत गेलीच नाही, तिचीच कणिक आणि तेल यायचं. आणि ई-ट्रान्सफर ज्या खात्यात आली ते माझं आणि ह्यांचं जॉइंट आहे. मात्र मुलं मेसेजमध्ये लिहायची, "डबा फेब्रुवारी", एकाने तर "आईच्या हातचं, मार्च" असं लिहिलंय. ते स्टेटमेंटवर दिसत नाही, ईमेलमध्ये आहे. ईमेल मी पाठवल्या नव्हत्या. पण फोनवर त्या बाईंना सांगितलं होतं की ईमेल आहेत, पाठवू का. त्या म्हणाल्या, स्टेटमेंट पुरे.

आता माझ्याकडे काही उरतं का, की सोडून देऊ?

---

मिसिसागाकर

माझा सल्ला चुकला, मान्य. पण एक शंका आहे: घरून अन्न विकायला म्युनिसिपालिटीची नोंदणी लागते ना? कोर्टात गेल्यावर ते निघालं तर?

---

ठेका_चुकला

ताई, सोडू नका. तुमचा शेवटचा परिच्छेद परत वाचा. "पाठवू का" विचारलं आणि "पुरे" असं उत्तर आलं. अधिकाऱ्याने पुरावा नको म्हणायचं आणि मग पुराव्याअभावी नाकारायचं, ही तुम्हाला बाजू मांडू न दिल्याची तक्रार आहे. नवीन कागद चालत नाहीत याला जे थोडे अपवाद आहेत त्यातला एक हाच, प्रक्रियेत अन्याय झाला हे दाखवण्यासाठी दिलेला पुरावा. तेव्हा शपथपत्रात तो फोन लिहा. तारीख, किती वाजता, कोण काय म्हणालं, तुम्ही कुठे उभ्या होतात तेही आठवत असेल तर. आणि टिपणांत त्या फोनबद्दल काय लिहिलंय ते मिळेपर्यंत फार रंगवून लिहू नका. टिपण उलट निघालं तर तोंडघशी पडाल.

आता कामाचं. फॉर्म ३०१, नोटीस ऑफ ॲप्लिकेशन. प्रतिवादीच्या जागी कर खात्याचं नाव घालू नका, अ‍ॅटर्नी जनरल ऑफ कॅनडा घाला. माझा पहिला अर्ज इथेच अडला होता. त्याच नोटिशीत खाली नियम ३१७ ची मागणी लिहा. काय हवं? निर्णय रद्द करून दुसऱ्या अधिकाऱ्याकडे नव्याने पाठवावा, एवढंच मागा. "१२,००० माफ करा" लिहू नका. ऑनलाइन भरता येतं, नाहीतर टोरंटोला १८० क्वीन स्ट्रीट वेस्टला रजिस्ट्री आहे. मी प्रत्यक्ष गेलो, काउंटरवरच्या बाईंनी कायद्याचा सल्ला एक शब्द दिला नाही, पण कुठला कागद कुठे लावायचा ते तीनदा सांगितलं. नोटीस निघाल्यापासून शपथपत्राला पुन्हा ३० दिवस. नोटरी किंवा कमिशनर ऑफ ओथ्ससमोर शपथ घ्यावी लागते.

आणखी एक. रेकॉर्ड हातात आल्यावर त्यांची बाजू लंगडी असेल तर कधीकधी सरकारी वकीलच फोन करतात की सुनावणी नको, संमतीने परत पाठवू. तसा फोन आला तर अहंकार मध्ये आणू नका, हो म्हणा. मग तिसऱ्या अधिकाऱ्याला सगळे ईमेल, तेव्हाच्या मुलांची पत्रं, किराण्याच्या पावत्या, जे जे असेल ते घाला. वहिनींची अकरा पत्रं तिथे चालली असती.

मिसिसागाकर, शंका रास्त आहे. मुद्दा उत्पन्नाचा आहे, परवान्याचा नाही. पण शपथ घेऊन लिहायचंय, तेव्हा विचारलं तर खरं सांगायचं.

---

हिशेबनीस

एक पुरवणी. या वसुलीवर व्याज चढत नाही, पण तुमचा टॅक्स रिफंड आणि जीएसटी क्रेडिट ते वळते करून घेऊ शकतात. तेव्हा यंदाचा रिफंड खर्चात धरू नका. आणि सासऱ्यांना सांगा, इथल्या पायरीचे ५० डॉलर पडतात.

---

डबेवाली_ब्रॅम्प्टन

ताजी खबर. नोटीस सव्विसाव्या दिवशी भरली. टी ने सुरू होणारा नंबर मिळाला, तो मला आता फोन नंबरसारखा पाठ झालाय. सासरे स्वतः क्वीन स्ट्रीटला बरोबर आले. लिफ्टमध्ये म्हणाले, इथे नाशिकसारखी टायपिंगवाल्यांची गर्दी नाही.

आज कर खात्याकडून कागद आले, ६४ पानं. ठेका दादा, तुम्ही म्हणालात तशी टिपणं आहेत. पान ४१ वर त्या फोनचं आहे. "अर्जदाराशी बोलणे झाले. बँक स्टेटमेंट मागितले." ईमेलचं काही नाही. पण त्याच्याच खाली लिहिलंय: "खाते पती-पत्नीचे संयुक्त. जमा रकमा पतीच्या असू शकतात." ह्यांना पगार दर पंधरवड्याला कंपनीच्या नावाने थेट जमा होतो, ते त्याच स्टेटमेंटवर दिसतंय. १६०-१६० च्या रकमा वेगवेगळ्या मुलांच्या नावाने आहेत. मला हे कोणी विचारलंच नाही. विचारलं असतं तर एका मिनिटात सांगितलं असतं.

शपथपत्राला आठ दिवस उरलेत. हे लिहून झालं की बसते. आधी उद्याची कणिक मळून ठेवते, हल्ली चौदा डबे आहेत. आणि हो, आता प्रत्येकाला पावती देते.